तर्तुलियनचं एक वाक्य आणि मार्सेलाची उत्तरं

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा जुना ख्रिस्ती लेखक तर्तुलियन, त्याचं बाईला उद्देशून लिहिलेलं ‘तू सैतानाचं दार आहेस’ हे वाक्य देऊन सगळे चर्चपिते, म्हणजे सुरुवातीच्या शतकांतले मोठे ख्रिस्ती धर्मलेखक, एकजात स्त्रीद्वेष्टे ठरवले जातात. वाक्य त्याचंच आहे, त्यात वाद नाही. पण ते येतं बायकांच्या नटण्यामुरडण्यावरच्या पुस्तकात, आणि त्याच पुस्तकात पुढे दाढी कोरणाऱ्या, पांढरे केस लपवणाऱ्या पुरुषांनाही त्याने झोडपलंय. (कार्थेजमध्येही कलप होता तर!)

मला जास्त बुचकळ्यात टाकतो तो जेरोम, बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा चर्चपिता. लग्नाबद्दल इतकं तिरकस लिहिणारा हा माणूस रोममध्ये रमायचा मात्र मार्सेला, पॉला अशा विदुषींच्यात. पॉला हिब्रू शिकली, स्तोत्रं हिब्रूतून म्हणायची. तिच्या नातीला शिकवण्यासाठी जेरोम पत्रात लिहितो: लाकडाची किंवा हस्तिदंताची अक्षरं करून द्या, त्यांच्याशी खेळता खेळता शिकेल, जमलं तर बक्षीस द्या. अगदी प्रेमळ आजोबा! आणि त्याच पत्रात, मुलगी मोठी झाल्यावर तिने अंघोळच करू नये, स्वतःला उघडं पाहायचीही तिला लाज वाटावी, असंही.

मार्सेलाचं तर ऐकाच. ३८५ मध्ये जेरोम रोम सोडून गेल्यावर बायबलच्या अर्थावरून वाद झाला की लोक तिच्याकडे यायचे. ती उत्तर द्यायची, पण स्वतःचं उत्तरही ‘हे जेरोमचं’ किंवा दुसऱ्या कुणाचं म्हणून सांगायची. कारण बाईने शिकवू नये असं बायबलमधलं प्रेषित पौलाचं वचन, शिवाय पुरुषांचा अपमान नको. हे जेरोमनेच लिहून ठेवलंय, आणि तेही तिचं कौतुक म्हणून.