मेमरीतली चूक गेस्टला कळवावी, की व्हीएमच पाडावी?

सड्यावरचा
केव्हीएम (लिनक्सची आभासी मशीनं, म्हणजे व्हीएम, चालवणारी सोय) असलेल्या होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, मेमरीत ईसीसीलाही (मेमरीची स्वतःची चूक-दुरुस्ती) दुरुस्त न होणारी चूक आली. ती गेस्टपर्यंत (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत) पोचवून त्याला निस्तरू द्यायची, की व्हीएम तिथल्या तिथे मारून नव्याने सुरू करायची? आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात पतसंस्था असो की आंब्याची पेढी, सर्व्हर एक, फार तर दोन. माझं मत स्पष्ट आहे: गेस्टला कळवा.

प्रोसेसर मशीन चेक एक्सेप्शन (हार्डवेअरच्या चुकीचा इशारा) उठवतो, व्हेक्टर १८. होस्टचा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) ते पान, म्हणजे मेमरीचा तो तुकडा, वापरातून काढतो आणि क्यूईएमयूला (व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रामला) सिगबस हा खराब मेमरीचा सिग्नल पाठवतो. क्यूईएमयू पत्ता गेस्टच्या हिशोबाने बदलून तेच एक्सेप्शन गेस्टमध्ये टाकतो. मग गेस्ट बघतो की पान कोणाचं. पेज कॅशमधलं (फाइलींच्या मेमरीतल्या प्रतीतलं) स्वच्छ, म्हणजे बदल न झालेलं, पान असेल तर टाकून देतो, डिस्कवरून पुन्हा वाचता येतं. एखाद्या प्रोसेसचं असेल तर तेवढी प्रोसेस मरते. कर्नलच्या स्वतःच्या वापरातलं असेल तरच पॅनिक, म्हणजे आख्खा गेस्ट ठप्प. ३२ जीबीच्या व्हीएममध्ये बहुतेक मेमरी पहिल्या दोन प्रकारांत मोडते. एका ४ केबीच्या पानासाठी सगळी व्हीएम पाडणं म्हणजे सुक्याबरोबर ओलंही जाळणं.

खारा वारा
कागदावर छान. पण पतसंस्थेच्या व्हीएममध्ये चालतं काय? डेटाबेस. मायएसक्यूएल म्हणजे एकच मोठी प्रोसेस. "तेवढी प्रोसेस मरते" म्हणजे सगळं मेलं. पोस्टग्रेसमध्ये एक बॅकएंड (एका जोडणीची प्रोसेस) सिग्नलने मेला तरी पोस्टमास्टर, म्हणजे मुख्य प्रोसेस, बाकीच्यांनाही पाडतो आणि वॉलवरून (बदलांच्या आधी लिहिलेल्या नोंदीवरून) रिकव्हरी करतो. जावाचं तेच, हीपमधलं एक पान गेलं की आख्खं जेव्हीएम गेलं. यात वाचवलंत काय? व्हीएम उठायला लागणारी मिनिटं, बस्स.

आणि ज्याचा तुम्ही उल्लेखच केला नाहीत ते घाणेरडं पान. डिस्कवर अजून न उतरलेला मजकूर त्या पानात असेल तर तो गेला. लिनक्स त्या फाइलवर ईआयओची (वाचन-लेखनातल्या चुकीची) खूण ठेवतो आणि ती पुढच्या एफसिंकला (मजकूर डिस्कवर उतरवायच्या हाकेला) कळते. ज्या प्रोग्रामने एफसिंकचं उत्तर तपासलंच नाही, त्याला काही झाल्याचा पत्ताच नाही. आमच्याकडचे म्हणतात तसं, मशीन बंद पडलां तरी चलात, पण हिशोब चुकता कामा नये. पाडा आणि नव्याने उठवा.

तरवा
दोघांनीही सेटिंगकडे पाहिलेलं नाही, आणि अर्धा निकाल तिथेच लागतो.

एक, ब्रॉडकास्ट. इंटेलच्या पद्धतीत एक्सेप्शन सगळ्या व्हीसीपीयूंना (व्हीएमच्या आभासी प्रोसेसरांना) जातं आणि सगळ्यांनी हँडलरमध्ये हजर व्हायचं असतं. लिनक्स साधारण १ सेकंद वाट बघतो. होस्टवर ८ कोअर आणि व्हीसीपीयू वाटलेत २४, असं असेल तर एखादा व्हीसीपीयू वेळेत पोचतच नाही आणि गेस्ट "सगळे सीपीयू आले नाहीत" म्हणून पॅनिक करतो. चूक निस्तरता येण्यासारखी होती, मेला तो गर्दीने. उपाय एलएमसीई (स्थानिक मशीन चेक): चूक ज्या व्हीसीपीयूने वाचली त्यालाच एक्सेप्शन. हार्डवेअर आणि होस्टचा पाठिंबा लागतो, आणि क्यूईएमयूच्या सीपीयू ओळीत ते मुद्दाम चालू करावं लागतं; मुळात बंद असतं.

दोन, ह्यूजपेज, म्हणजे ४ केबीऐवजी मोठाली पानं. १ जीबीची पानं दिली असतील तर एका बिघडलेल्या ४ केबीपायी तो आख्खा १ जीबीचा तुकडा गेस्टच्या हातून जाऊ शकतो. "एका पानासाठी" हा सड्यावरच्यांचा मुद्दा मग उरत नाही. अशा जागी २ एमबीची पानं ठेवा, किंवा साधी.

तीन, लॉग. गेस्टमध्ये "बँक ९" (बँक म्हणजे प्रोसेसरमधला चुका नोंदवणाऱ्या रजिस्टरांचा गट) दिसलं की लोक डिमचा, म्हणजे मेमरीच्या पट्टीचा, स्लॉट शोधायला धावतात. ती बँक क्यूईएमयूची नेहमीची जागा आहे आणि पत्ताही गेस्टचाच. गेस्टच्या लॉगवरून डिम काढणं म्हणजे रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. होस्टवर रासडेमन (हार्डवेअरच्या चुका नोंदवणारा प्रोग्राम) ठेवा, खरा स्लॉट तिथे कळेल.

सड्यावरचा
घाणेरड्या पानाचा मुद्दा मान्य. पण त्यातून "होस्टने मारा" कसं निघतं? मारणं गेस्टवर सोपवा. गेस्टमध्ये व्हीएम.मेमरी_फेल्युअर_रिकव्हरी ही कर्नलची सेटिंग शून्य करा. चूक आली की तो स्वतः पॅनिक करेल. डेटाबेसच्या व्हीएमला शून्य, फाइल सर्व्हर किंवा वेब सर्व्हरला एक. होस्टवर एकच कायदा लावून सगळ्यांना एका मापाने मोजायचं कशाला? शिवाय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ पासून बफर पूलमधलं (डेटाबेसच्या स्वतःच्या मेमरीतलं) स्वच्छ पान डिस्कवरून पुन्हा घेण्याची सोय आहे. वरून चूक कळवलीच नाही तर ती सोय पडून राहते.

खारा वारा
शून्य केलंत, पॅनिक झाला, पुढे? कर्नल.पॅनिक (पॅनिकनंतर किती सेकंदांनी रीबूट) या सेटिंगची मुळातली किंमत शून्य, म्हणजे गेस्ट कायमचा थिजून उभा आणि लिबव्हर्टला (होस्टवर व्हीएम सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला) तो "चालू" दिसतो. सकाळी संस्थेचं दार उघडतं तेव्हा कळतं. त्यामुळे हे पूर्ण करायचं तर: गेस्टमध्ये कर्नल.पॅनिक १० सेकंद. किंवा व्हीएमला पीव्हीपॅनिक (पॅनिक झाल्याचं होस्टला कळवणारं आभासी) उपकरण द्या आणि लिबव्हर्टमध्ये ऑन_क्रॅश रीस्टार्ट ठेवा. मी दुसरं निवडेन, कारण पॅनिक झाल्याचं लिबव्हर्टला कळतं. पण दोन्ही वाटांनी क्यूईएमयूची प्रोसेस तीच राहू शकते. रिसेटला ती खराब पानं बदलून घेण्याचा प्रयत्न करते खरी, पण ह्यूजपेज असतील तर त्यावर माझा भरवसा नाही.

आणि खराब पान असलेली व्हीएम लाइव्ह मायग्रेट करून (चालू असतानाच दुसऱ्या होस्टवर हलवून) "वाचवायला" जाऊ नका. नव्या क्यूईएमयूत ते अडवलं जातं. जुन्यात पान वाचता वाचता क्यूईएमयूच मरू शकतो.

बंदरवाट
किनाऱ्यावर आधी एवढी वेळ येऊ नये हे बघा. खारी दमट हवा डिमच्या संपर्कपट्ट्यांवर चढते, आणि दुरुस्त होणाऱ्या चुका वाढू लागतात. त्या होस्टपाशीच थांबतात, गेस्टला दिसतही नाहीत. रासडेमनमध्ये एका पानावर २४ तासांत ५० चुका झाल्या की पान हलवण्याची सोय आहे. पावसाळ्यात हा आकडा खाली आणा, १० ठेवा. हलवताना डेटा शाबूत राहतो. मात्र पत्ते विखुरलेले आणि डिम एकच असेल तर पानं हलवून उपयोग नाही, डिम बदला. जुलैत सुटा भाग कोल्हापुराहून आंबा घाटाने यायचा आहे हे ध्यानात ठेवून एक जोडी आधीच कपाटात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसकट.

पट्ट्या पुसायच्या त्या ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पेन्सिलचा खोडरबर घासणारे अजून आहेत. त्याने सोन्याचा मुलामा जातो आणि पुढच्या पावसात दुप्पट त्रास होतो. नंतर मेमटेस्टच्या (मेमरी तपासणाऱ्या प्रोग्रामच्या) निदान ४ फेऱ्या.

तरवा
चाचणीचं कोणीच बोललं नाही. क्यूईएमयू मॉनिटरमध्ये (त्याला आज्ञा द्यायच्या खिडकीत) खोटी चूक टाकणारी एमसीई अशी आज्ञा आहे: सीपीयू, बँक, स्टेटस, एमसीजी स्टेटस, पत्ता आणि मिस्क, या क्रमाने. स्टेटसच्या शेवटी १३४ म्हणजे डेटा वाचताना सापडलेली चूक, ०सी० म्हणजे मेमरी स्क्रबरने (मेमरी सतत तपासत फिरणाऱ्या हार्डवेअरने) आधीच हेरलेली. दोन्ही टाकून बघा, कारण गेस्ट दोन्हींना वेगळं वागवतो. पण यात होस्टचं पान खरोखर खराब होत नाही, म्हणून सिगबसची वाट तपासायची तर होस्टवर त्या व्हीएमच्या एका पानाचा खरा पत्ता हार्ड_ऑफलाइन_पेज या कर्नलच्या फाइलमध्ये लिहा. नंतर होस्टच्या मेमइन्फोत (मेमरीचा हिशोब दाखवणाऱ्या फाइलमध्ये) हार्डवेअरकरप्टेड हा आकडा ४ केबीने वाढलेला दिसेल. होस्ट रीबूट करेपर्यंत ते पान परत मिळत नाही, हे गृहीत धरूनच करा. चालू संस्थेच्या व्हीएमवर हा प्रयोग नको.

खारा वारा
चाचणीत डेटाबेसवर लिहिण्याचा भार चालू ठेवा. रिकाम्या व्हीएमवर गेस्ट दर वेळी तगतो आणि सड्यावरच्यांचं खरं वाटू लागतं.