कॅनडातील इनुइटांची अन्न-असुरक्षितता: गरिबीचा प्रश्न की मानवाधिकाराचा?

पाथेय: नुनावुट या कॅनडाच्या उत्तरेकडील प्रदेशात २००७-०८ साली इनुइट या तेथील मूळनिवासी समाजाच्या कुटुंबांची आरोग्य पाहणी झाली, तेव्हा दहापैकी जवळजवळ सात कुटुंबांना पुरेशा अन्नाची शाश्वती नसल्याचे आढळले. देश श्रीमंत आहे, किराण्यावर सरकारी अनुदानही आहे. मग याला मानवाधिकाराचे उल्लंघन म्हणण्यास नेमका आधार काय?

कलमदान: आधार पक्का आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक अधिकारांविषयीचा आंतरराष्ट्रीय करार कॅनडाने १९७६ साली स्वीकारला आणि त्याच्या ११व्या कलमात पुरेशा अन्नाचा अधिकार आहे. संयुक्त राष्ट्रांचे अन्नाधिकारविषयक विशेष प्रतिनिधी ऑलिव्हिए द शुटर यांनी २०१२ साली कॅनडात येऊन सरकारचे कान टोचले, तेव्हा तत्कालीन आरोग्यमंत्री लिओना अग्लुक्काक त्यांच्यावर भडकल्या. त्या स्वतः इनुइट. आमची खरी लढाई शिकार बंद पाडू पाहणाऱ्या पर्यावरणवाद्यांशी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यात राजकारण होतेच, पण ते म्हणणे अगदीच पोकळ नव्हते.

हिमरेषा: अनुदानाविषयी थोडेसे. नुनावुटच्या २५ वस्त्यांपैकी एकीलाही बाहेरून रस्ता नाही. उन्हाळ्यात जहाज, एरवी विमान. २०११ पासूनच्या ‘न्यूट्रिशन नॉर्थ कॅनडा’ योजनेत पैसे दुकानदाराला मिळतात आणि त्याने तेवढा भाव उतरवावा अशी अपेक्षा असते. तो खरोखरच उतरतो का, याची सरकारने खातरजमाच केली नव्हती, असे २०१४ साली महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले.

पाथेय: म्हणजे ही गळती थांबवली की प्रश्न सुटेल?

कलमदान: अर्धाच, कारण दुकानातील अन्न हे तेथील एकमेव अन्न नव्हे. सील हा समुद्री प्राणी मारून आणला की स्वयंपाकघरातील जमिनीवर पुठ्ठा अंथरून तो ‘उलू’ या अर्धचंद्राकृती पात्याच्या सुरीने कापतात, भोवती बसून काही मांस तसेच कच्चे खातात आणि उरलेले शेजारीपाजारी वाटतात. या शिकारीला आता स्नोमोबाइल, पेट्रोल आणि काडतुसे लागतात, आणि त्यांचा खर्च पूर्वी बराचसा सीलच्या कातड्यांतून निघत असे. १९८३ साली युरोपीय समुदायाने सीलच्या पिलांच्या कातड्यांची आयात बंद केली. इनुइट मारत ते मोठे सील, परंतु बाजारच कोसळला आणि त्यांची कातडीही कुणी घेईना. आता मी आधी सांगितलेल्या आंतरराष्ट्रीय कराराचेच पहिले कलम सांगते की, कोणत्याही जनसमूहाचे निर्वाहाचे साधन हिरावून घेता येणार नाही. माझ्या मते इनुइटांचा दावा ११व्या कलमापेक्षाही या कलमावर अधिक भक्कम उभा राहतो. चर्चेत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच होतो.

हिमरेषा: सहमत. विमानाने येणाऱ्या फळांसाठी ‘न्यूट्रिशन नॉर्थ’ योजनेत अनुदान २०११ पासून होते; शिकारीच्या खर्चासाठी त्याच योजनेत स्वतंत्र निधी यायला २०२० साल उजाडले.