नावात 'फॅमिली' असलेल्या संस्थांचं अमेरिकेत एवढं का चालतं?

रानजाई:
अमेरिकेच्या निवडणुकांबद्दल वाचताना या पुराणमतवादी ख्रिस्ती संस्थांची नावं सारखी समोर येतात: फोकस ऑन द फॅमिली, फॅमिली रिसर्च कौन्सिल, अमेरिकन फॅमिली असोसिएशन. यांचा स्वतःचा पक्ष नाही, उमेदवार नाही, तरी रिपब्लिकन पुढारी यांच्या व्यासपीठावर हजेरी लावायला धडपडतात. हे सगळं चर्चच्या जोरावर? तिकडे राहणाऱ्यांनी जरा उलगडून सांगा.

खटपट्या:
पैसा हो ताई, दुसरं काय! देणगीदार गब्बर आहेत.

परभारे:
खटपट्याभाऊ, पैसा आहेच, पण नुसत्या पैशाने हे जमलं नसतं. मी आयोवात राहतो, इथे यांचं काम जवळून दिसतं.

सुरुवात डॉब्सनपासून करा. जेम्स डॉब्सन हा पाद्री नव्हे, बालमानसशास्त्रज्ञ. 1977 साली त्याने फोकस ऑन द फॅमिली काढली. रेडिओवर विषय काय, तर पोरगं हट्टी आहे, नवरा बोलत नाही, वयात आलेल्या मुलीशी कसं वागायचं. आया पत्रं लिहायच्या, तिकडून उत्तर यायचं, आणि पत्ता यादीत जायचा. कोलोरॅडो स्प्रिंग्जला मुक्काम हलवल्यावर टपाल इतकं वाढलं की संस्थेला स्वतःचा पिनकोड मिळाला! ज्याने तुमच्या पोराच्या तापटपणावर उपाय सांगितला, तो उद्या म्हणाला 'खासदाराला फोन करा', तर तुम्ही करताच.

1994 ची गोष्ट घ्या. शिक्षणाच्या एका विधेयकातल्या कलमामुळे मुलांना घरी शिकवणाऱ्या पालकांनाही शिक्षकाचं प्रमाणपत्र लागेल, अशी भीती पसरली. होमस्कूलवाल्यांच्या संघटनेने हाक दिली, डॉब्सनच्या कार्यक्रमाने ती देशभर नेली. संसदेच्या फोनलाइन तुंबल्या. कलम काढायच्या बाजूने 424 मतं, विरोधात 1. तो एकटा म्हणजे कलम आणणारा खासदार स्वतः.

आता आमच्याकडचं. 2009 साली आयोवाच्या सुप्रीम कोर्टाने समलिंगी विवाह एकमताने मान्य केला. इथे न्यायाधीशांना ठरावीक काळाने 'ठेवायचं की नाही' अशा मतदानाला सामोरं जावं लागतं. एरवी तो भाग मतपत्रिकेत कुठेतरी शेवटी असतो, लोक भरतही नाहीत. 2010 मध्ये बॉब व्हँडर प्लाट्स या इथल्या पुराणमतवादी ख्रिस्ती पुढाऱ्याने नेमकं तेच हेरलं. बस घेऊन गावोगाव फिरला, बाहेरच्या संस्थांनी पैसा ओतला, आणि त्या वर्षी ज्यांच्यावर मतदान होतं ते तिन्ही न्यायाधीश घरी गेले. 1962 पासूनच्या त्या पद्धतीत असं कधीच झालं नव्हतं. जिथे बाकीचे झोपलेले असतात तिथे हे लोक जागे असतात, यांची खरी ताकद ती.

वेताळपंचविशी:
पण धर्मादाय संस्थांना प्रचार चालत नाही ना? करमाफी जात नाही?

परभारे:
करमाफीवाल्या संस्थेने उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, हे खरं. म्हणून शेजारी दुसरी संस्था उभी करतात, तिला राजकारणाची मुभा जास्त आणि देणगीवर करसवलत नाही. फोकसने 2004 मध्ये तेच केलं. त्याच नोव्हेंबरात 11 राज्यांत समलिंगी विवाहाविरुद्ध घटनादुरुस्त्या मतदानाला होत्या, अकराच्या अकरा पास. फॅमिली रिसर्च कौन्सिल तर 2020 पासून करखात्याच्या दफ्तरी चक्क चर्च आहे. म्हणजे वार्षिक हिशेबाचा जाहीर फॉर्मही भरायला नको.

रानजाई:
म्हणजे हे म्हणतील तिकडे सगळी मतं?

परभारे:
छे हो. 2012 मध्ये आणखी एका न्यायाधीशाला घालवायला हीच मंडळी निघाली. या वेळी समोरचेही जागे होते, तो टिकला. विवाहाच्या मुद्द्यावर तर 2015 मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टातच हरले. गर्भपाताच्या बाबतीत मात्र 2022 मध्ये जिंकले, त्याच कोर्टाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, पण त्यामागे कितीतरी वर्षांची चिकाटी आहे: राज्याराज्यात कायदे, न्यायाधीशांच्या नेमणुका, वकिलांची फौज.

आणि व्हँडर प्लाट्सचं सांगायचं राहिलं. रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायच्या चढाओढीत 2012 ला त्याने सँटोरमला पाठिंबा दिला, 2016 ला क्रूझला, दोघंही आयोवातल्या पक्षांतर्गत मतदानात पहिले आले. 2023 मध्ये त्याने डिसँटिसचं नाव घेतलं. जानेवारीत निकाल लागला: ट्रम्पला 51 टक्के, डिसँटिसला 21. चर्चला जाणारी माणसं तीच होती, फक्त या वेळी त्यांचं आधीच ठरलं होतं.