लेट्रोझोलमुळे सांधे दुखतात, चालणं कसं सुरू करावं?

सदाफुली: आई 61 वर्षांची आहे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, रेडिएशन झालंय, आता रोज लेट्रोझोल 2.5 मिग्रॅ. सकाळी मूठ वळत नाही, जिना उतरताना गुडघे धरतात. डॉक्टर म्हणाले "चाला". पण चालून आलं की जास्तच दुखतं. गोळीच बंद करते म्हणतेय. मदत हवी आहे.

पिंपळपान: गोळी परस्पर बंद करू देऊ नका, हे आधी. लेट्रोझोल शरीरात इस्ट्रोजेन बनू देत नाही, त्यामुळे सांधे आखडतात. याच दुखण्यावर अमेरिकेत येल विद्यापीठाची 121 बायकांवरची चाचणी आहे. आठवड्याला 150 मिनिटं एरोबिक व्यायाम आणि दोनदा वजनांचा व्यायाम करणाऱ्यांचं सर्वांत तीव्र दुखणं वर्षभरात सरासरी 29 टक्क्यांनी उतरलं. पूर्ण गेलं नाही, आणि आठवड्याभरात तर फरक दिसायचाच नाही. आईंना हे आधीच सांगा, नाहीतर त्या पंधरवड्यात सोडून देतील.

उठल्याउठल्या चालू नये. कोमट पाण्यात हात बुडवून बोटं दहा वेळा उघडमीट करावी, तासाभराने निघावं. सपाट रस्ता, बूट (चप्पल नको), 10 मिनिटं, दिवसातून दोनदा. वेग असा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. दर आठवड्याला फेरीमागे 2-3 मिनिटं वाढवा. दुखणं दुसऱ्या सकाळपर्यंत टिकलं तर वेळ कमी करा, चालणं थांबवू नका. बहुतेकींचं बिघडतं ते पहिल्याच दिवशी तासभर चालल्यामुळे.

गुडघे फारच धरत असतील तर घरात स्थिर सायकल. पेडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी सीट उंच ठेवा.

सदाफुली: खूप आभार! ऑपरेशनच्या बाजूचा हात थोडा सुजलाय. वजनं चालतील?

निशिगंध: चालतात, पण फिजिओथेरपिस्टसमोर सुरू करा. अगदी हलक्या वजनापासून, कॉम्प्रेशन स्लीव्ह (सूज आवरणारी घट्ट बाही) घालून. हात जड वाटला तर मागे या. डेक्सा स्कॅन (हाडांची घनता मोजणारी तपासणी) झालाय का? या गोळीने हाडं विरळ होतात. तशी असतील तर उड्या आणि कमरेतून वाकून पायाला हात लावणं टाळा.

एकाच हाडात ठणका, झोपमोड करणारं दुखणं, एकाच पोटरीला सूज, छातीत दुखणं किंवा धाप: यातलं काहीही असेल तर व्यायाम थांबवून लगेच डॉक्टर गाठा. आणि एवढं करूनही सोसत नसेल तर गोळी बदलून मिळते का विचारा. अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झिमेस्टेन काहींना मानवतं.