प्रतिसाद: ‘दुःख’ हा शब्द न वापरता दुःख

कथाकाव्यात ‘दुःख, अश्रू, वेदना’ भरपूर घालूनही करुण रस का उतरत नाही, असा प्रश्न विचारला आहे. कारण हे शब्द भावनेचं नाव सांगतात, प्रसंग दाखवत नाहीत. भार विशेषणांवरून क्रियापदावर आणा.

मरणाचंच बघा. ‘वारला’ घरगुती, ‘निवर्तला’ औपचारिक, ‘कामी आला’ आणि ‘खर्ची पडला’ बखरीतले. ‘खर्ची पडला’मध्ये माणूस जमाखर्चात जातो, म्हणून तो थंडपणे बोचतो. पानिपतच्या (1761) बातमीत मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्द्याची गणतीच नाही, अशी सावकारी भाषा आहे. एकही शोकवाचक शब्द नसताना अंगावर काटा येतो!

मात्राही मोजा. पादाकुलक या वृत्तात प्रत्येक ओळीत 8+8 मात्रा, म्हणजे 8 मात्रांची दोन आवर्तनं. ‘खर्ची पडला’ आणि ‘कामी आला’ दोन्ही नेमक्या 8, पहिल्या आवर्तनात चपखल. ‘स्वर्गवासी झाला’ 11, आवर्तन ओलांडतो. मग कवी ‘हा’, ‘तो’, ‘की’ अशी भर घालून पुढची जागा भरतो आणि तिथेच सूर ढासळतो.

आणखी एक: ओवीच्या घरगुती बोलीत मध्येच ‘रजनी’ आली की निवेदकच बदलल्यासारखा वाटतो. तिथे ‘रात’च हवी.