ब्रिटनमध्ये टीव्ही लायसन्सशिवाय ऑन-डिमांड: तुमचे अनुभव लिहा

भाड्याच्या घरात राहायला गेलं की थोड्याच दिवसांत टीव्ही लायसन्सबद्दलचं (टीव्ही पाहण्यासाठी फी भरून घ्यायचा परवाना), नाव नसलेलं पाकीट दारात पडतं आणि नवीन आलेली मुलं घाबरून जातात. नियम असा: कुठल्याही चॅनेलचं थेट प्रक्षेपण पाहायचं वा रेकॉर्ड करायचं, किंवा बीबीसी आयप्लेअर (बीबीसीचे कार्यक्रम पाहायचं अ‍ॅप) वापरायचा, तर लायसन्स हवं. आयप्लेअरवरचे आधी होऊन गेलेले कार्यक्रमसुद्धा १ सप्टेंबर २०१६ पासून त्यात आले. नेटफ्लिक्स, आयटीव्हीएक्स (आयटीव्ही चॅनेलचं अ‍ॅप), चॅनेल ४ यांवर ऑन-डिमांड, म्हणजे थेट नव्हे तर आपल्याला हवं तेव्हा, पाहायला लायसन्स लागत नाही. एप्रिल २०२५ पासून वर्षाची फी १७४.५० पौंड होती, म्हणजे नवख्या संसाराला जड रक्कम. तुम्ही काय केलंत, सविस्तर लिहा.

लेस्टर
आम्ही लायसन्स घेतलेलं नाही. 'गरज नाही' असं ऑनलाइन कळवलं, पत्रं थांबली. दोनेक वर्षांनी पुन्हा विचारतात, तेव्हा परत कळवायचं. सांभाळायचं ते आयटीव्हीएक्सवर. त्याच अ‍ॅपमध्ये थेट चॅनेलही असतात आणि मुलं रिमोट घेऊन बसली की तिकडे जातातच. म्हणून टीव्हीवरून आयप्लेअर काढून टाकला आणि मुलांना 'लाइव्ह'वर जायचं नाही हे नीट समजावलं.

स्लाऊ
आमच्याकडे प्रश्न सासूबाईंचा होता. मराठी मालिका भारतात रात्री आठला, म्हणजे उन्हाळ्यात इथे दुपारी साडेतीनला. चॅनेल भारतातलं असलं तरी थेट पाहिलं की लायसन्स लागतं, हे आपल्या लोकांत फार कमी जणांना माहीत आहे. तोच भाग नंतर अ‍ॅपवर पाहिला तर लागत नाही. पण मालिका संपल्या संपल्या साताऱ्याच्या मावशींचा फोन येणार, आणि त्यावर बोलायचं तर आधी पाहिलेलं हवं! दोघी बहिणींचा तो आनंद हिरावून घेणं मनाला पटेना. सरळ लायसन्स घेतलं. त्या परत गेल्यावर बंद केलं.

बर्मिंगहॅम
आमच्याकडे तपासनीस आले होते. वॉरंट नसेल तर त्यांना घरात घेण्याचं बंधन नाही, हे आधी वाचून ठेवलं होतं. तरी मी घेतलं. टीव्हीला अँटेनाची वायर नाही, आयप्लेअर नाही, एवढं पाहून गेले. शांतपणे बोलले. लपवण्यासारखं काही नसेल तर घाबरू नका. आणि थेट पाहत असाल तर मात्र भरा. तो गुन्हा आहे, दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो.

कार्डिफ
विद्यार्थ्यांसाठी: घराचा करार सगळ्यांचा मिळून एकच असेल तर एक लायसन्स पुरतं. खोलीखोलीचा वेगळा करार असेल तर ज्याचं त्याने पाहायचं. क्रिकेट प्राइमवर थेट लावलंत तरी लायसन्स लागतं. यूट्यूबवरचे हायलाइट्स चालतात.

ग्लासगो
मी आनंदाने भरतो. २०१४ पासून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा बराचसा खर्च याच पैशातून होतो, आणि २०१७ मध्ये सुरू झालेली बीबीसी मराठी त्यातलीच. आई गावाकडे मोबाइलवर त्या बातम्या वाचते. ज्यांना परवडतं त्यांनी याचाही विचार करावा. रेडिओला मात्र लायसन्स लागत नाही, तो सगळ्यांनी ऐका.

लेस्टर
एक राहिलं. घर बदललंत की नव्या पत्त्यासाठी पुन्हा कळवावं लागतं, जुनं कळवलेलं तिथे चालत नाही.