यंदा युरोपात काय मनात राहिलं?

लातूरकर: यंदा युरोप फिरून आलेल्यांनो, तिथलं काय मनातून जात नाही? माझं सांगतो. रोमचे रस्त्यावरचे 'नासोनी' नळ! १८७४ पासूनचे, गार पाणी, फुकट. तोटीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून धार उडते, सरळ तोंडात. २०१६ला मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं आम्ही. माझा तर तिथून पायच निघेना.

वेरूळवाला: आमचं कोलोनचं कॅथेड्रल. १२४८ला पाया, १८८०ला काम पुरं! आईला जिना झेपेना, ती खालीच रंगीत काचा बघत बसली. खूप खूश होती.

बीडची लेक: लातूरकर दादा, मे महिन्यात आईबाबांना रोमला नेतेय. नळ सापडतील ना?

लातूरकर: हो ताई, जुन्या शहरात फिरताना दिसतातच. रिकामी बाटली तेवढी जवळ ठेवा.